जमिनीचा हक्क, जुना अन्याय आणि परीक्षेतले जोडउतारे: नव्या परीक्षार्थींसाठी

एलसॅटची, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या कायद्याच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणारी आपल्याकडची मुलं वाचनाच्या भागात एका ठिकाणी हमखास अडतात: जोडउतारे. दोन छोटे उतारे, विषय एकच, लेखक वेगळे, आणि प्रश्न दोघांवर मिळून. त्यात विषय जमिनीचा हक्क आणि पूर्वी झालेला अन्याय असा असला की गाडी पुरतीच रुतते. इंग्रजी आड येतं असं आपण समजतो, पण बहुतेकदा विषयच फार जवळचा असतो. ज्याच्या घरच्या सातबाऱ्यावर तीस नावं आहेत, ज्याच्या आज्याने कूळ म्हणून नाव लागावं यासाठी मामलेदार कचेरीत चपला झिजवल्या, तो वाचता वाचता निवाडा करायला बसतो. परीक्षेला तुमचा निवाडा नको असतो. या दोन लेखकांचं एकमेकांशी कुठे जुळतं आणि कुठे फाटतं, एवढंच ती विचारते.

मी ही परीक्षा दिली आहे आणि आता रत्नागिरीत संध्याकाळी काही मुलांचा वाचनाचा सराव घेते. खाली लिहिलंय ते त्याच क्रमाने, ज्या क्रमाने मी त्यांना बसवते.

१. आधी परीक्षा नीट ओळखा

एलसॅट लागते ती मुख्यतः अमेरिका-कॅनडातल्या कायद्याच्या पहिल्या पदवीला, म्हणजे जेडीला. इथे एलएलबी करून तिकडे एलएलएमला जायचं असेल तर ती सहसा लागत नाही. फी भरण्याआधी ज्या विद्यापीठात जायचंय त्याची प्रवेशाची माहिती स्वतः वाचा, कोणी सांगितलं म्हणून भरू नका.

वाचनाचा भाग ३५ मिनिटांचा. चार संच, साधारण २७ प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय. चारपैकी एक संच जोडउताऱ्यांचा. जून २००७ पासून ही पद्धत आहे. दोन्ही उतारे मिळून एका नेहमीच्या उताऱ्याएवढेच असतात, त्यामुळे लांबीला घाबरू नका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. ऑगस्ट २०२४ पासून तर्काच्या कोड्यांचा भाग (लॉजिक गेम्स) परीक्षेतून गेला. चिपळूणच्या किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या पुस्तकांत तो अजून अर्धं पुस्तक खाऊन बसलेला असतो, ते बघून घ्या.

क्लॅटवाल्यांनीही, म्हणजे आपल्याकडच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा देणाऱ्यांनीही, हा लेख वाचायला हरकत नाही. तिथे जोडउतारे नसतात, पण उताऱ्यात नियम देऊन तो प्रसंगाला लावायला सांगतात, आणि ती कसरत खूपशी अशीच आहे. फक्त तिथे १२० मिनिटांत १२० प्रश्न आणि प्रत्येक चुकीला पाव गुण वजा, तेव्हा अंदाजपंचे टिकमार्क करू नका.

२. हाताशी काय काय हवं

- वैध पासपोर्ट. नोंदणीतलं नाव पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे कित्येकांच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला चिकटून आलेलं असतं आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर वेगळं असतं. जे पासपोर्टवर आहे तेच भरायचं.
- लॉहब या संकेतस्थळावरचं खातं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच सराव परीक्षा तिथे मिळतात, त्यातल्या काही पूर्ण आणि फुकट.
- लॅपटॉप. फोनवर सराव करू नका. दोन उताऱ्यांत वर-खाली जाण्याची सवय डोळ्यांना आणि हाताला मोठ्या स्क्रीनवरच लागते.
- एक दोनशेपानी वही, मधोमध उभी रेघ मारलेली. डावीकडे पहिला उतारा, उजवीकडे दुसरा.
- सेकंद दाखवणारं घड्याळ.
- जून ते सप्टेंबर घरून सराव करणार असाल तर इन्व्हर्टर, नाहीतर निदान पूर्ण चार्ज केलेली बॅटरी. वीज गेली म्हणून मधेच थांबलेला सराव वेळेचा सराव म्हणून मोजू नका.

३. पहिल्या उताऱ्यातला नियम शोधा

अशा जोड्यांत बरेचदा एक उतारा तत्त्वाचा असतो आणि दुसरा घडलेल्या प्रकरणाचा. सरावासाठी मी एक जोडी स्वतः लिहिली आहे. परीक्षेत इंग्रजी असेल, पण वाचायची रीत आधी मराठीत हाताला बसली तर इंग्रजीत निम्मं काम होतं. आधी उतारा अ:

*आज कोणाकडे किती आहे, एवढं पाहून वाटणी न्याय्य की अन्याय्य हे ठरत नाही. ते ज्याच्या त्याच्या हातात कसं आलं हे पाहावं लागतं. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या विचारात तीन नियम आहेत. कोणाचीच नसलेली वस्तू रीतसर प्रथम ताब्यात घेतली, तर ती घेणाऱ्याची. मालकाने राजीखुशीने विकली किंवा दिली, तर ती नव्या मालकाची. या दोन्हींना डावलून वस्तू मिळवली असेल, तर झालेली चूक दुरुस्त करायची. वर्तमानातल्या चोरीला हा तिसरा नियम सहज लागू पडतो. अन्याय कित्येक पिढ्यांपूर्वीचा असला की मात्र तो घडलाच नसता तर आज कोणाकडे काय असतं, याची कल्पना करावी लागते, आणि अशा कल्पनेला पुरावा कुठून आणणार? तरीही उत्तर अवघड आहे म्हणून देणं फिटत नाही.*

हा वाचून झाल्यावर वहीच्या डाव्या बाजूला चार तुकडे लिहा, जास्त नको: तीन नियम. तिसरा दुरुस्तीचा. जुन्या अन्यायाला तो लावणं अवघड. तरी देणं शिल्लक.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. त्याआधीची बरीच वाक्यं नोझिकचा विचार सांगतात, हे वाक्य लेखकाचं स्वतःचं आहे. कोणाचं मत कोण सांगतंय, हे परीक्षक फार बारकाईने विचारतात. स्क्रीनवर रंगाची सोय असते. लेखकाच्या स्वतःच्या मताला एक रंग ठरवून टाका आणि तो दुसऱ्या कशालाही वापरू नका. पान पिवळंधमक करून ठेवणाऱ्यांना शेवटी काहीच सापडत नाही.

४. दुसरा उतारा वाचताना पहिला डोक्यात ठेवा

उतारा ब:

*१८६८ च्या फोर्ट लॅरामी तहाने अमेरिकेच्या सरकारने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ प्रदेश सू या मूळनिवासी लोकांसाठी राखून ठेवला. हा प्रदेश पुढे सोडायचा झाल्यास जमातीतल्या तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या हव्यात, असंही तहात होतं. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडल्याची बातमी पसरली. सरकारने सह्या गोळा करायला सुरुवात केली, पण मिळाल्या त्या सुमारे एक दशांश पुरुषांच्या. १८७७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून प्रदेश घेतला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की हे घेणं योग्य मोबदल्याविना झालं. १ कोटी ७१ लाख डॉलर किंमत आणि १८७७ पासूनचं पाच टक्के व्याज धरून रक्कम १० कोटींच्या वर गेली. सू लोकांनी ती घेतलेली नाही. जमीन कधी विकायचीच नव्हती, असं ते म्हणतात. रकमेचा आकडा मोठा आहे म्हणून हा नकार हट्टाचा वाटेल. पण मोबदला घेण्याने नेमकं काय मान्य होतं, हे पाहिल्याशिवाय त्याला हट्ट म्हणणं घाईचं ठरेल.*

हा उतारा वाचताना प्रत्येक दोन-तीन वाक्यांनी थांबून स्वतःला विचारा: अ मधल्या कोणत्या नियमाबद्दल हे चाललंय? तीन चतुर्थांश सह्यांची अट आली, तो दुसरा नियम, राजीखुशीचा. एक दशांशच सह्या मिळाल्या, म्हणजे दुसरा नियम मोडला. १९८० चा निकाल आला, म्हणजे तिसरा नियम, दुरुस्ती. उजव्या रकान्यात हेच लिहायचं, आणि जिथे जुळतं तिथे डावीकडे बाण काढायचा.

आता जुळत नाही ते बघा. अ ला अडचण कुठे वाटते? घडलंच नसतं तर काय झालं असतं, हे कळायला मार्ग नाही, तिथे. ब मध्ये ही अडचण फारशी नाहीच. जमीन कोणती, घेतली कधी, किंमत किती, सगळं ठरलेलं आहे. तिथली भानगड दुरुस्तीच्या प्रकाराची आहे, पैसे की जमीन. एकाच विषयावरचे दोन उतारे असले तरी दोघांना खुपणारा काटा वेगळा आहे. हे ज्याच्या लक्षात आलं त्याचे निम्मे प्रश्न सुटले.

५. नातं एका वाक्यात लिहा, मग प्रश्नांकडे वळा

प्रश्न उघडण्याआधी वहीत एक वाक्य लिहायची सक्ती करून घ्या. या जोडीसाठी माझं असं होईल: ‘अ सर्वसाधारण नियम देतो आणि जुन्या अन्यायाला तो लावताना हिशोबाची अडचण दाखवतो, ब एका प्रकरणात हिशोब झाल्यावरही उरणारी वेगळी अडचण दाखवतो.’ पंचवीस सेकंद जातात. जाऊ द्यात.

आता प्रश्न. *दोन उताऱ्यांतलं नातं कोणतं?* पर्यायांत एक असेल की ब ने अ चं म्हणणं खोडून काढलं आहे. हा पर्याय फार मोहात पाडतो, कारण ब मध्ये सू लोक नाही म्हणतायत आणि आपल्याला तो विरोध वाटतो. पण ते न्यायालयाच्या रकमेला नाही म्हणतात, अ च्या नियमाला नाही. दुसरा पर्याय असेल की अ ने सुचवलेला उपाय ब मध्ये अमलात आला. अ ने उपाय सुचवलेलाच नाही, फक्त दुरुस्त करायचं म्हटलंय. उरतो तो तुमच्या वाक्यासारखा पर्याय, थोडा निरस, थोडा सावध शब्दांचा. बरोबर उत्तर बहुधा असंच निरस असतं.

*पुढीलपैकी कशाचा उल्लेख दोन्ही उताऱ्यांत आहे?* इथे बाण कामाला येतात. मालकाची संमती, दोन्हीकडे आहे. पुरावा मिळण्यातली अडचण, फक्त अ मध्ये. व्याज, फक्त ब मध्ये. असा प्रश्न आठवणीवर सोडवू नका, बाणांवर सोडवा.

*अ चा लेखक १९८० च्या निकालाबद्दल बहुधा काय म्हणेल?* इथे गर्दी चुकते. कोणी निवडतो ‘पैसे देऊन न्याय पूर्ण झाला’, कोणी निवडतो ‘जमीनच परत द्यायला हवी होती’. दोन्ही चूक. दुरुस्ती पैशाने की जमिनीने, यावर अ चा लेखक चकार शब्द काढत नाही. देणं शिल्लक आहे आणि काळ लोटल्याने ते फिटत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. तेव्हा एवढीच कबुली देणारा पर्याय बरोबर: इतक्या वर्षांनी दावा ऐकला जाणं त्याला मान्य असेल. लेखकाच्या तोंडी तो बोलला नाही ते घालायचं नाही.

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. *अ मधल्या शब्दांत सांगायचं तर सू लोकांच्या नकारामागे काय असावं?* थोडं थांबून विचार करा. रक्कम घेतली तर काय होईल? १८७७ ला जे हिसकावून घेतलं, त्याला मागाहून विक्रीचं रूप येईल. म्हणजे तिसऱ्या नियमाने द्यायची दुरुस्ती दुसऱ्या नियमातल्या व्यवहारासारखी दिसू लागेल, आणि तीही मालकाच्या संमतीने. ‘मोबदला घेण्याने नेमकं काय मान्य होतं’ हे ब चं शेवटचं वाक्य इथेच बोट दाखवतं. कोकणातल्या वाचकाला हे समजायला वेळ लागू नये. हायवेच्या भूसंपादनात पैसे घ्यायचे तर निषेध नोंदवून घे, नाहीतर उद्या म्हणतील तुला रक्कम मान्य होती, हा सल्ला आपल्याकडे चहाच्या टपरीवरही मिळतो. भूसंपादनाच्या कायद्यात तशी सोयच आहे. आपलं घरचं ज्ञान उपयोगी पडतं ते असं, वाक्य समजायला. उत्तर ठरवायला ते वापरायचं नाही.

६. पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या भूमिका

या विषयावरच्या उताऱ्यांत लेखक बदलतात, पण भूमिका फिरून फिरून त्याच येतात. ओळख असली की पहिल्या दोन ओळींत अंदाज येतो आणि धास्ती जाते.

सगळ्यात जुनी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकची, सतराव्या शतकातली: माणूस आपले श्रम जमिनीत घालतो आणि त्यामुळे ती त्याची होते, मात्र इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं मागे राहिलं पाहिजे. ही अट बरेच जण वाचताना सोडून देतात आणि प्रश्न नेमका तिच्यावर येतो. या विचाराची काळी बाजू अशी की ज्यांची शेती युरोपीय पद्धतीची नव्हती त्यांनी श्रम घातलेच नाहीत, असं सोयीने ठरवलं गेलं. ऑस्ट्रेलियात तर जमीन कोणाचीच नव्हती असंच गृहीत धरलं होतं. ते तिथल्या उच्च न्यायालयाने १९९२ च्या माबो खटल्यात नाकारलं. नोझिकच्या पहिल्या नियमाला लागणारा हा धक्का आहे. प्रथम ताब्यात घेताना ती खरंच कोणाचीच नव्हती का?

दुसरी भूमिका काळाची. कायद्याचे तत्त्वज्ञ जेरेमी वॉल्ड्रन यांनी १९९२ मध्ये मांडलेला युक्तिवाद असा की परिस्थिती बदलली की एकेकाळी अन्यायाचा असलेला ताबा पुढे न्याय्य ठरू शकतो. दुष्काळात सगळ्यांच्या विहिरी आटल्या आणि एकाच विहिरीला पाणी उरलं, तर त्या पाण्याच्या ज्या वापराला आधी घुसखोरी म्हटलं असतं, तोच गरज म्हणून न्याय्य ठरतो. अन्याय झालाच नाही असं ते म्हणत नाहीत. पर्यायांत मात्र ‘जुने अन्याय विसरावेत असं लेखकाचं मत आहे’ असं वाक्य टपून बसलेलं असतं. त्याला हात लावू नका.

तिसरी न्यायालयाची: हक्क होता, पण मागायला फार उशीर केलात. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वनायडा या मूळनिवासी जमातीच्या न्यूयॉर्कमधल्या जमिनीबद्दल असंच म्हटलं. जमातीने आपल्या जुन्या प्रदेशातले तुकडे रीतसर खरेदी केले होते आणि तिथे पुन्हा आपला अंमल सांगितला होता. न्यायालयाने इतक्या काळानंतर ते मानलं नाही. आपल्याकडे बारा वर्षांच्या वहिवाटीवरून होणारी भांडणं ज्याने ऐकली आहेत त्याला हा सूर ओळखीचा वाटेल.

चौथी तडजोडीची. अमेरिकेतल्या मेन नावाच्या राज्यातल्या पासामाक्वाडी आणि पेनॉब्स्कॉट जमातींनी १७९० च्या एका कायद्याच्या आधारे राज्याच्या मोठ्या भागावर दावा सांगितला, कारण केंद्राच्या मंजुरीशिवाय जमातींची जमीन घ्यायला त्या कायद्याने मनाई होती. १९८० मध्ये ८ कोटी १५ लाख डॉलरवर मिटलं, आणि त्यातला मोठा हिस्सा राजीखुशीने विकणाऱ्यांकडून जमीन विकत घेण्यासाठी होता. त्याच वर्षी सू लोकांनी पैसे नाकारले आणि मेनमधल्या जमातींनी घेतले. परीक्षकाला असा विरोध फार आवडतो.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण तारखेसाठी लक्षात ठेवा. तिथल्या १९९४ च्या कायद्याने जमीन परत मागण्याचा हक्क दिला, पण १९ जून १९१३ नंतर हिरावलेल्या जमिनीपुरताच. दुरुस्ती करायची तर मागे कुठवर जायचं, याचं उत्तर कुठेतरी रेघ मारूनच द्यावं लागतं. उताऱ्यात तारीख दिसली की ती रेघ कोणी मारली आणि रेघेच्या पलीकडे कोण राहिलं, हे बघा.

यातलं काहीही पाठ करू नका. परीक्षेत उताऱ्याबाहेरची माहिती वापरून दिलेलं उत्तर खरं असूनही चूक ठरतं.

७. सापळे

पहिला सापळा सांगितलाच: बाजू घेणं. ज्यांच्या घरात कुळांची बाजू आहे ते सू लोकांच्या बाजूचा पर्याय निवडतात, ज्यांच्या घरात खोतांची ते उलटा. मी मुलांना आडनावांवरून चिडवते, पण गंमत म्हणजे अंदाज बरेचदा खरा निघतो.

दुसरा, टोकाचे शब्द. ‘सर्व’, ‘कधीच नाही’, ‘केवळ’, ‘अनिवार्यपणे’ असं पर्यायात दिसलं की उताऱ्यात तितकंच कडक वाक्य शोधा. तात्त्विक लेखक ‘बहुधा’ आणि ‘निदान’ याखेरीज बोलत नाहीत.

तिसरा, एकाचा शब्द दुसऱ्याच्या तोंडी. उतारा अ मधला शब्द उचलून ब बद्दलच्या पर्यायात पेरलेला असतो. वाचताना ओळखीचं वाटतं आणि बोट पडतं. बांध कोरावा तशी ही चोरी आहे: एका वेळी एकच शब्द सरकतो, सहज दिसत नाही.

चौथा, ‘न्याय्य’ आणि ‘कायदेशीर’ एक समजणं. १८७७ मध्ये काँग्रेसने कायदाच केला होता. खोतीही कायद्याने चालायची. उताऱ्यात लेखक कोणत्या अर्थाने हक्क म्हणतोय, नीतीच्या की कागदाच्या, हे प्रत्येक वेळी तपासा. या विषयातले कठीण प्रश्न बहुतेक इथेच असतात.

८. घरचा सराव: आपल्याच मातीतली जोडी लिहा

छापील जोड्या संपतात. तेव्हा स्वतः लिहायच्या, आणि त्यासाठी कोकणाइतका कच्चा माल कुठे मिळणार नाही. मी मुलांना देते ती कामगिरी अशी.

खोतीचा विषय घ्या. अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ या काळात खोतांच्या जमिनी कसायचं बंद केलं. नारायण नागू पाटील त्यात पुढे होते. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्ष कायदा झाला १९४९ मध्ये. त्याच्या आगेमागे १९४८ चा कूळकायदा, आणि पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, ज्या दिवसापासून कसणाऱ्या कुळाने जमीन विकत घेतली असं मानलं गेलं. विधवा, अज्ञान मुलं आणि सैन्यातले मालक यांच्या जमिनींना मात्र मुदत लांबवून दिली होती.

आता शंभर-सव्वाशे शब्दांचे दोन उतारे लिहा. पहिला कसणाऱ्याच्या बाजूने, पण भावनेवर नको, तत्त्वावर: पिढ्यान्‌पिढ्या श्रम कोणाचे? दुसरा एखाद्या छोट्या मालकाच्या बाजूने, ज्याच्या आजोबांनी ती जमीन रीतसर पैसे मोजून घेतली होती. नोझिकचा दुसरा नियम त्याच्या बाजूने आहे, पहिला नाही. कारण त्या आजोबांना विकणाऱ्याकडे ती कशी आली होती? असा उतारा लिहिताना आपली बाजू सोडून समोरच्याच्या तोंडाने नीट बोलावं लागतं, आणि बाजू घेण्याची सवय मोडायला याहून चांगला उपाय मला तरी सापडलेला नाही. मग वह्या अदलाबदल करा आणि एकमेकांच्या जोडीवर पाच प्रश्न काढा. चुकीचे पर्याय रचायला बसलात की परीक्षकाची खोड कळते.

थोडं पुढे गेल्यावर २००६ चा वनहक्क कायदा घ्या. त्याच्या प्रस्तावनेतच वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. सरकारने कायद्यात असं लिहून देणं विरळाच. आणि रेघही आहे: १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना तर तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. पंचाहत्तर वर्षांचा कागद कातकऱ्याने आणायचा की धनगराने, यावर दुसरा उतारा लिहा. कातकरी अनुसूचित जमातीत आहेत, तेव्हा ही अट नेमकी कोणाला लागते ते लिहिण्याआधी तपासा. पहिल्या खेपेला इथे घसरणारे पुष्कळ असतात.

सिंधुदुर्गातल्या मुलांना मी आंबोली, चौकुळ, गेळे इथला कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनींचा, प्रश्न देते. तिथे एकट्या मालकाचा हक्क आणि अख्ख्या गावाचा हक्क असा सामना असतो, आणि नोझिकचे तीनही नियम एकट्या मालकाला धरून रचलेले आहेत. गावाने मिळून ‘प्रथम ताब्यात’ घेतलं तर काय? वर्गात यावर तासभर वाद रंगतो, म्हणून हा विषय मी शुक्रवारी ठेवते.

९. प्रत्यक्ष परीक्षेत वेळ कशी लावायची

चार संचांना ३५ मिनिटं, म्हणजे एका संचाला पावणेनऊ. जोडउताऱ्यांना वाचायला साडेतीन मिनिटं द्या, नात्याचं वाक्य धरून. उरलेल्या सव्वापाच मिनिटांत प्रश्न. क्रम तुमच्या हातात आहे. आधी फक्त एका उताऱ्यावरचे प्रश्न, मग ‘दोन्हींत काय आहे’ हे विचारणारे, आणि ‘हा लेखक त्याला काय म्हणेल’ हे शेवटी. अडलेल्या प्रश्नाला झेंडी लावून पुढे जा, पण जाताना एक पर्याय टिकमार्क करूनच जा. परत यायला मिळेलच असं नाही. शेवटची पाच मिनिटं उरल्याची सूचना स्क्रीनवर येते. तेव्हा नवीन संच हाती असेल तर पूर्ण वाचत बसू नका: दोन्ही उताऱ्यांचं पहिलं आणि शेवटचं वाक्य वाचा आणि ज्या प्रश्नात उताऱ्यातली ओळ दाखवलेली आहे तो आधी घ्या.